सांधा आणि झिलई : सुरतेची सादेली व पश्चिम भारतातील लाखकाम

सुरत म्हटले की मराठी मनात प्रथम १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. त्यापलीकडे फार तर ‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण आठवते. ज्या शहराच्या वैभवाकडे महाराजांना दोनदा वळावेसे वाटले, ते वैभव केवळ सराफांच्या पेढ्यांत साठलेले नव्हते, याचा विचार मात्र सहसा होत नाही. सुरतेच्या संपत्तीचा एक भाग विणकरांच्या मागावर होता, एक जहाजबांधणीच्या गोदीत होता आणि एक अगदी लहानसा भाग वीतभर लांबीच्या लाकडी पेट्यांवर होता. या शेवटच्या भागाविषयी येथे लिहावयाचे आहे.

आज उधना, लिंबायत, भेस्तान या दक्षिणेकडच्या वस्त्यांत हजारो मराठी कुटुंबे, विशेषतः खानदेशातून आलेली, स्थायिक झाली आहेत. मुंबईहून येणारी गाडी सचिन सोडून भेस्तानला पोहोचते तेव्हा खिडकीतून दिसतात त्या कापडाच्या गिरण्या, रंगाईचे कारखाने आणि मागांच्या शेडी. या गजबजाटात सुरत हे एके काळी सुतारांचे आणि पेटीगरांचेही शहर होते, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात लाकडाचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईल. तूर्त एवढेच म्हणू की पुस्तक आणि पेटी यांचे नाते आपण समजतो त्याहून जवळचे आहे.

गोदीतील सांधा

लाकूडकामाचा इतिहास हा खरे तर सांध्यांचा इतिहास होय. लाकूड ही जिवंत वस्तू. झाड तोडल्यानंतरही ते हवेतील ओल शोषते आणि सोडते. पावसाळ्यात आडव्या अंगाने फुगते, उन्हाळ्यात आकसते, लांबीच्या दिशेने मात्र फारसे हलत नाही. खिळा ठोकून दोन फळ्या एकमेकींना जखडल्या तर काही वर्षांत त्यांतील एक तडकते. म्हणून जगातील सर्व जाणत्या सुतारांनी लाकडाला लाकडातच गुंतवण्याच्या युक्त्या शोधल्या. एका तुकड्याच्या टोकाला कुसू काढायचे, दुसऱ्यात त्याच्या मापाची खोबण कोरायची आणि एकात दुसरे बसवायचे, हा त्यांतील सर्वांत जुना आणि सर्वांत विश्वासू सांधा. पारव्याच्या पसरलेल्या शेपटीच्या आकाराचे दात एकमेकांत अडकवायचे, हा त्याचा दुसरा भाऊबंद. यालाच आजचे सुतार ‘डव्हटेल’ म्हणतात.

सुरतेच्या सुतारांनी हे शास्त्र मोठ्या मापावर आत्मसात केले होते. डांगच्या जंगलातील सागवान हाताशी होते आणि तापीच्या मुखाजवळ जहाजे बांधली जात. येथील जहाजांच्या फळ्या केवळ कडेला कड लावून बसवलेल्या नसत. प्रत्येक फळीच्या काठाला खाच पाडून ती शेजारच्या फळीच्या खाचेत गुंतवली जाई. त्यामुळे पाणी आत शिरण्यास वाव राहत नसे. या रीतीचे कौतुक अठराव्या शतकातील युरोपीय दर्यावर्दींनीही केले आहे. १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेचे पारशी जहाजबांधणीकार लवजी नसरवानजी वाडिया यांना मुंबईस नेले आणि तेथील गोदीचा पाया घातला गेला. वाडिया घराण्याने मुंबईत १८१७ साली बांधलेले सागवानी ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षांनंतरही टिकून राहिलेल्या त्या जहाजामागे सुरतेत मुरलेली विद्या आहे, हे आपण विसरू नये.

वाडियांचे मुंबईस जाणे हे एका मोठ्या स्थलांतराचे केवळ पहिले पाऊल ठरले. तापीचे मुख गाळाने भरत गेले, व्यापार मुंबईकडे सरकला आणि त्यामागोमाग कारागीरही सरकले. १८३७ सालच्या भीषण आगीत सुरतेतील नऊ हजारांहून अधिक घरे जळाली. त्याच वर्षी तापीला महापूरही आला. लाकडी घरांच्या या शहराला तो मोठाच आघात होता. सुरतेच्या मालाला पुढे ‘मुंबईचा माल’ म्हणून ओळख का मिळाली, याचे कारण या घटनांत आहे.

सादेलीची रीत

सुरतेच्या छोट्या लाकूडकामाचा मुकुटमणी म्हणजे सादेली. दुरून पाहिल्यास पेटीवर कोणी बारीक रंगीत ठिपक्यांची नक्षी रंगवली आहे असे वाटते. जवळ नेल्यावर ध्यानात येते की तेथे रंगाचा थेंबही नाही. प्रत्येक ठिपका हा स्वतंत्र तुकडा आहे : पांढरा तो हस्तिदंत, काळा तो शिसवी वा आबनूस, तांबूस तो पतंगाचे लाकूड, हिरवा तो रंगात भिजवलेला हस्तिदंत आणि मधूनच चकाकणारा तो कथलाचा. काही कामांत सांबराच्या शिंगाचाही उपयोग केलेला दिसतो. चांगल्या जुन्या पेटीवर हे ठिपके इतके सूक्ष्म असतात की एका रुपयाच्या नाण्याखाली त्यांचे कितीतरी तुकडे सहज झाकले जावेत.

एवढे तुकडे एकेक करून बसवावयाचे म्हटले तर एका पेटीस आयुष्य पुरणार नाही. कारागिराची खरी बुद्धिमत्ता येथेच दिसते. तो तुकडे बसवीतच नाही. तो सळया बांधतो. प्रथम हस्तिदंत, लाकूड, कथील यांच्या लांब बारीक सळया घासून तयार करावयाच्या. कोणाचा छेद त्रिकोणी, कोणाचा चौकोनी, कोणाचा शंकरपाळ्यासारखा. मग मनातील नक्षीप्रमाणे या सळया एकमेकींशेजारी रचून सरसाने चिकटवावयाच्या आणि दोऱ्याने आवळून बांधावयाच्या. जुडी वाळली की तिच्या टोकाकडून पाहिल्यास पूर्ण नक्षी दिसते : मध्ये चांदणी, भोवती षट्कोन, त्याभोवती पुन्हा त्रिकोणांची माळ. आता ही जुडी आडवी कापावयाची. बारीक दातांच्या करवतीने पातळ चकत्या काढल्या की प्रत्येक चकतीवर तीच नक्षी उमटते, जशी सुरळीच्या वडीच्या प्रत्येक तुकड्यात तीच घडी दिसते. या चकत्या चंदनाच्या वा सागवानी पेटीवर सरसाने बसवून, घासून, गुळगुळीत करावयाच्या. श्रमांची बचत आणि सौंदर्याची वृद्धी एकाच कृतीत साधणारी अशी युक्ती कारागिरीच्या इतिहासात विरळाच.

ही कला आली कोठून? मुंबईत अनेक वर्षे वास्तव्य केलेले आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासमवेत तेथील वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत सहभागी असलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली भारतीय कलाकारागिरीवर प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तिची वाट सांगितली आहे. त्यांच्या मते हे काम इराणातील शिराझहून सिंधमार्गे मुंबईस आले. शिराझमध्ये ‘खातमकारी’ या नावाने अगदी याच रीतीचे काम आजही चालते, हे ध्यानात घेता त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. सुरतेत या कामाला पारशी आणि हिंदू अशा दोन्ही समाजांचे हात लागले. ‘पेटीगर’ वा ‘पेटीगारा’ हे आडनाव पेटी बनविण्याच्या धंद्यावरूनच आलेले आहे. आडनावात व्यवसाय जपून ठेवण्याची ही रीत आपल्याकडील सुतार, कातारी, चितारी या नावांशी किती जुळते!

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कुटुंबांनी या पेट्या मोठ्या आवडीने नेल्या. लिहिण्याची उतरती मेजपेटी, शिवणकामाची पेटी, भेटपत्रांची डबी, हातमोज्यांची पेटी असे तिचे अनेक अवतार झाले. १८५१ साली लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनात मुंबई इलाख्यातून गेलेल्या अशा पेट्या मांडल्या होत्या. इंग्लंडात त्यांना ‘बॉम्बे बॉक्स’ असे नाव पडले. बंदराचे नाव मालाला मिळाले आणि ज्या गावी हाताची बोटे झिजली त्या गावाचे नाव मागे राहिले. केंट परगण्यातील टनब्रिज वेल्स येथेही त्याच काळात सळयांची जुडी कापून नक्षी करण्याचा धंदा भरभराटीस आला होता. तेथे मात्र हस्तिदंताऐवजी केवळ लाकूड वापरीत.

हाकोनेचे भावंड

या कथेतील अधिक रंजक भावंड जपानात आहे. टोकियो, म्हणजे त्या वेळचे एदो, आणि क्योतो यांना जोडणाऱ्या तोकाइदो या राजमार्गावर हाकोने नावाचा डोंगराळ प्रदेश लागतो. तेथील हाताजुकु या वस्तीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इशिकावा निहेइ या कारागिराने ‘योसेगी’ कामास आरंभ केला, असे मानले जाते. रीत ऐकली की सुरतेचा पेटीगर हसेल. कारण ती त्याचीच रीत आहे. निरनिराळ्या नैसर्गिक रंगांच्या लाकडांच्या पट्ट्या रचून, चिकटवून ठोकळा करावयाचा आणि त्याच्या छेदावर नक्षी उमटवावयाची. फरक शेवटच्या पायरीत आहे. सुरतेचा कारागीर करवतीने चकती कापतो, तर हाकोनेचा कारागीर रुंद रंध्याने ठोकळ्यावरून कागदासारखा पापुद्रा सोलून काढतो आणि तो पेटीवर चिकटवतो. वाटसरूंनी आठवण म्हणून विकत घ्यावी अशी ही वस्तू. तिच्यातूनच पुढे ठराविक क्रमाने फळ्या सरकवल्याशिवाय न उघडणारी ‘गुप्त पेटी’ निघाली.

जपानी छोट्या लाकूडकामाला ‘साशिमोनो’ असे नाव आहे. पेट्या, खणांची छोटी कपाटे, आरशाच्या चौकटी, चहाच्या विधीची उपकरणे हे सारे त्यात येते. खिळा वापरावयाचा नाही आणि सांधा दिसू द्यावयाचा नाही, असा त्या परंपरेचा दंडक. पारव्याच्या शेपटीचा आपला सांधा त्यांच्याकडेही आहे. पण तो कोपऱ्याच्या तिरप्या कापामागे असा दडवलेला असतो की बाहेरून केवळ एक बारीक रेघ दिसावी. जपानी करवत आणि रंधा ओढताना कापतात, त्यामुळे पाते पातळ ठेवता येते आणि काप अधिक नेटका होतो. छोटे काम करणारा तेथील सुतार जमिनीवर बसून काम करतो, ही गोष्ट आपल्या जुन्या सुतारांना ओळखीची वाटेल. पायाच्या अंगठ्याने लाकूड दाबून धरणारे हात आपल्याकडेही होते. साशिमोनोत सौंदर्य सांध्यात दडते आणि सादेलीत सौंदर्य पृष्ठभागावर येते. सुरतेच्या पेटीचा आतला सांगाडा पुष्कळदा साधाच असतो. तिची सारी श्रीमंती अंगावरच्या नक्षीत असते. दोन संस्कृतींच्या स्वभावाविषयी याहून मोठे अनुमान काढण्याचा मोह आवरलेला बरा. पण एवढे खरे की एका ठिकाणी गिऱ्हाईक पेटी उघडून पाहणारे होते आणि दुसऱ्या ठिकाणी दुरून, दिवाणखान्यात मांडून पाहणारे.

लाख आणि उरुशी

लाकूड जोडून झाले की त्याचे अंग राखण्याचा प्रश्न येतो. येथे भारत आणि जपान यांच्या वाटा निराळ्या होतात, जरी इंग्रजी भाषेने दोघांनाही एकाच नावात कोंबले असले तरी.

आपली लाख ही एका सूक्ष्म किड्याची निर्मिती. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे लक्षावधींच्या संख्येने बसतात आणि अंगाभोवती राळेसारखे कवच करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून चपडा लाख तयार होते. तिचा गुण असा की उष्णतेने ती मऊ होते आणि मद्यार्कात विरघळते. ती भडकतेही चटकन. लाक्षागृहाची कथा रचणाऱ्याला हा गुणधर्म ठाऊक होता, यात शंका नाही. जपानची ‘उरुशी’ हा मात्र एका झाडाचा चीक. खोडाला चिरा पाडून तो गोळा करतात. दहा-पंधरा वर्षे वाढवलेल्या झाडापासून एका हंगामात जेमतेम दोनशे ग्रॅम चीक मिळतो आणि मग ते झाड तोडले जाते. कच्चा चीक अंगाला लागला तर खाज आणि फोड येतात. एकदा घट्ट झाला की मात्र त्याच्यावर गरम पाणी, आम्ल, मद्यार्क कशाचाही परिणाम होत नाही.

यातील गंमत अशी : आपल्याकडचे चपड्याचे पॉलिश पावसाळ्यात केले तर दमट हवेने पांढुरके पडते, म्हणून पॉलिशवाला कोरड्या दिवसाची वाट पाहतो. उरुशीला मात्र घट्ट होण्यासाठी दमट हवाच लागते. जपानी कारागीर ओलसर ठेवलेल्या खास कपाटात आपली वस्तू ठेवतात आणि प्रत्येक थर वाळला की घासून पुढचा थर देतात. जी हवा एकीचा घात करते तीच दुसरीला घडवते.

असे असूनही दोघींना ‘लॅकर’ हे एकच नाव कसे पडले? पोर्तुगीजांनी भारतात आमच्या लाखेला ‘लाका’ म्हटले. पुढे जपानी वस्तू हाती लागल्यावर त्यांची झिलई पाहून तोच शब्द तिकडेही वापरला गेला. म्हणजे जपानच्या सर्वांत मानाच्या कलेचे युरोपीय नाव भारतातील एका किड्याच्या नावावरून आलेले आहे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच प्रवाशाने येथील कातारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून पलंग, खुर्च्या आणि स्टुले कशी रंगवीत, याचे वर्णन करून ठेवले आहे. पुढे सतराव्या शतकात डच कंपनीने जपानी उरुशीच्या वस्तू आशियातील दरबारांना नजराणे म्हणून पोचविल्या. तिची एक मोठी वखार सुरतेत होती. युरोपातही या वस्तूंची इतकी ओढ लागली की तेथील कारागिरांनी त्यांची नक्कल सुरू केली. उरुशीचा चीक एवढा दूरचा प्रवास सोसत नसे. मग त्यांनी भारताची चपडा लाख मद्यार्कात विरघळवून जपानी झिलईचा आभास निर्माण केला. या विषयावरचे स्टॉकर आणि पार्कर यांचे इंग्रजी पुस्तक १६८८ सालचे आहे. जपानचे रूप आणि भारताचा माल अशी ती जोडी होती.

संखेडा आणि सावंतवाडी

लाखकामाची दोन जिवंत केंद्रे मराठी वाचकाला जवळची वाटावीत अशी आहेत. पहिले संखेडा. ओरसंग नदीकाठचे हे गाव पूर्वी गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होते. २०१३ पासून ते छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडते. येथील खरादी कारागीर सागवानी लाकूड चरकावर कातून पाळणे, झोपाळे, खुर्च्या, पाट बनवतात. कातलेल्या भागांची टोके गोल कुसवाप्रमाणे घडवून भोकांत बसवली जातात, म्हणून संपूर्ण झोपाळा सुटा करून दूर नेता येतो. संखेड्याची खरी किमया मात्र तिच्या सोनेरी रंगात आहे. त्यात सोन्याचा अंशही नाही. कथील सरसात घोटून त्याचा लेप करतात, कुंचल्याने नक्षी काढतात आणि अकीक दगडाने घासून ती रुपेरी चमकवतात. मग चरक फिरत असताना वरून लाखेचा थर देतात. लाखेच्या पिवळसर पारदर्शक कवचातून खालची रुपेरी नक्षी सोनेरी भासू लागते. शेवटी केवड्याच्या पानाने घोटून झिलई आणतात.

दुसरे केंद्र सावंतवाडी. सावंत-भोसले संस्थानिकांच्या आश्रयाने येथील चितारी मंडळींनी पाट, चौरंग, देव्हारे, खेळणी आणि गंजिफा रंगविल्या. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशे वीस गोल पाने असतात. त्यांवर लाखेचा हात दिलेला असतो आणि ती ठेवण्यासाठी सरकत्या झाकणाची रंगीत पेटी असते. खाचेतून सहज सरकणारे आणि तरीही न डुगडुगणारे झाकण करणे ही साधी गोष्ट नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जवळजवळ विझली होती. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात वृद्ध कारागिराकडून ती नव्या हातांना शिकवून राजवाड्यातच काम सुरू केले, म्हणून ती आज आपल्याला पाहावयास मिळते. एक पिढी उशीर झाला असता तर शिकविणाराच उरला नसता.

कलाभवन आणि पुस्तकांच्या पेट्या

हस्तकौशल्य हे शाळेत शिकविता येते, ते शिकविण्यासाठी देशी भाषेत पुस्तके हवीत, हा विचार आपल्या भागात प्रथम समर्थपणे मांडला तो सुरतेच्याच एका सुपुत्राने. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ साली सुरतेतील सुतार ज्ञातीच्या घरी झाला. ‘गज्जर’ हे नावही सुतारांचेच. रसायनशास्त्राचे हे प्राध्यापक महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या पाठिंब्याने १८९० साली बडोद्यात कलाभवन उभे करणारे ठरले. रंगाई, यंत्रकाम, चित्रकला असे व्यवसाय तेथे देशी भाषांतून शिकविण्याचा प्रयत्न झाला. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके हे याच संस्थेचे विद्यार्थी.

सयाजीरावांचे दुसरे कार्य आपल्याशी, ग्रंथालयाच्या सभासदांशी, थेट संबंधित आहे. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांस बडोद्यास आणले आणि लवकरच संस्थानात फिरती ग्रंथालये सुरू झाली. ती कशाच्या रूपाने फिरत होती? लाकडी पेट्यांच्या. पंधरा ते तीस पुस्तके मावतील अशी मजबूत पेटी रेल्वेने आणि बैलगाडीने खेड्यात जाई, तेथे वाचली जाई आणि परत येऊन दुसरीकडे निघे. गावात इमारत नव्हती, कपाट नव्हते, ग्रंथपाल नव्हता, पेटी होती. ज्या सुताराने त्या पेटीचे कोपरे असे जोडले की हमालाने आदळली तरी फळी सुटू नये, तो त्या ज्ञानप्रसाराचा निनावी भागीदार होता. पेटी आणि पुस्तक यांचे नाते म्हटले ते हेच.

एक जपानी हात गुजरातेत

जपानी सांध्याची विद्या प्रत्यक्ष गुजरातेत आल्याचे एक उदाहरण विसाव्या शतकातील आहे. जॉर्ज नाकाशिमा हे जपानी वंशाचे, १९०५ साली अमेरिकेत जन्मलेले वास्तुविशारद. १९३७ च्या सुमारास ते पाँडिचेरीस श्रीअरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या इमारतीच्या कामासाठी आले, तेथे साधक म्हणून राहिले आणि ‘सुंदरानंद’ हे नाव धारण केले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले, तेव्हा तेथील एका जपानी रीतीच्या सुताराकडून त्यांनी हाताच्या सांध्यांचे शास्त्र शिकून घेतले. पुढे १९६४ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्यांनी फर्निचरचे नमुने तयार केले आणि तेथील भारतीय सुतारांनी ते सागवानात व शिसवीत घडविले. फळीतील चीर लपवण्याऐवजी ती फुलपाखराच्या आकाराच्या लाकडी कळीने बांधून तशीच दिसू द्यावयाची, ही त्यांची ओळख. नाकाशिमा १९९० साली निवर्तले.

कच्चा माल आणि उरलेले हात

सादेलीवर आलेले संकट केवळ आवडीनिवडीच्या बदलाचे नाही. तिच्या मुळाशी असलेला कच्चा मालच गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ सालच्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताच्या आणि १९९१ सालच्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताच्याही व्यापारास बंदी आली. १९८९ साली आंतरराष्ट्रीय करारानेही तसेच ठरविले. ही बंदी योग्यच होती, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. पेटीवरील पांढऱ्या चांदणीसाठी हत्ती मारला जावा, असे कोणताही सुज्ञ मनुष्य म्हणणार नाही. चंदनही दुर्मीळ झाले. उरलेल्या मोजक्या कारागिरांनी हस्तिदंताच्या जागी हाड, निरनिराळी लाकडे आणि प्लास्टिक यांचा आश्रय घेतला. शिवाय सुरतेच्या तरुणाला हिऱ्यांची घसाई आणि कापडाचा धंदा यांत लवकर आणि बरा पैसा मिळू लागला असता, वर्षानुवर्षे सळया घासण्याचे शिक्षण तो का घेईल?

जपानपुढेही असाच प्रश्न आला होता. तेथे वापरली जाणारी बहुतांश उरुशी चीनमधून येऊ लागली आणि देशी झाडे व ती चिरणारे हात झपाट्याने घटले. पण त्या देशाने १९७४ साली पारंपरिक हस्तोद्योगांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि १९८४ साली हाकोनेच्या योसेगीला त्याखाली मान्यता मिळाली. २०१५ पासून राष्ट्रीय ठेवा असलेल्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी देशी उरुशीच वापरण्याचे धोरण स्वीकारल्याने झाडे लावणाऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले. २०२० साली जपानी लाकडी वास्तू जतन करण्याच्या कौशल्यांचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. आपल्याकडे सादेली, संखेडा आणि सावंतवाडी या तिन्ही कामांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचे मोल आहेच. पण मानांकन नावाचे रक्षण करते, हाताचे नव्हे. हात टिकतो तो नियमित कामाने आणि शिकाऊ मुलाने.

ग्रंथालयाचे काम

मग ग्रंथालयाने काय करावे? सादेलीच्या पेट्या लंडनच्या संग्रहालयांत काचेआड सुरक्षित आहेत. असुरक्षित आहे ती तिची भाषा. कोणत्या सळीला काय म्हणतात, सरस किती वेळ शिजवावा, जुडी कोणत्या ऋतूत कापावी, कापताना करवत तापली तर काय करावे, हे ज्ञान वडिलांनी मुलाला सांगितले आणि कागदावर क्वचितच उतरले. सुतारकामातील आपले मराठी शब्दही याच वाटेने चालले आहेत. कुसू, गुण्या, पटाशी, किंकरे, रंधा हे शब्द ज्यांच्या तोंडी सहज येत, ती पिढी मावळत आहे, आणि नव्या दुकानात ‘फिटिंग’ व ‘फिनिशिंग’ एवढ्या दोन शब्दांत सारे उरकते.

सुरतेच्या दक्षिण भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत सुतार, कातारी, रंगारी यांची संख्या थोडी नाही. गुजराती कारागिराची बोली आणि खानदेशी सुताराची बोली एकाच मोहल्ल्यात ऐकू यावी, अशी संधी या शहराखेरीज फारशी कोठे मिळणार नाही. शताब्दीच्या निमित्ताने वाचकांपैकी काहींनी जुन्या कारागिरांकडे जाऊन त्यांचे शब्द, त्यांची मापे, त्यांच्या कृती टिपून घेतल्या आणि त्या हस्तलिखितांचे एक बाड ग्रंथालयात ठेवले, तर पुढील शंभर वर्षांतील अभ्यासकांना त्याचे मोल छापील पुस्तकांहून कमी वाटणार नाही. सावंतवाडीत एका वृद्धाने शिकविले म्हणून गंजिफा वाचली. सुरतेत शिकविणारे अजून आहेत. त्यांच्याकडे जाण्यास वही, लेखणी आणि काही रविवार एवढेच पुरे आहे.